खारवणातली लागवड

भुसावळच्या यार्डात वाफेची इंजिनं जिथे राख पाडायची, तिथे माझी आई अर्धवट जळालेले कोळसे वेचायची. वडील मालधक्क्यावर हमाली करायचे. एकदा पाठ धरली ती सुटलीच नाही. ते खाटेला लागले आणि घर राखेवर आलं. थोडे कोळसे आमच्या शेगडीत जायचे, बाकीचे वस्तीत विकून पीठ यायचं. राख वरून गार दिसते, पण आत विस्तव असतो. आईच्या बोटांची टोकं भाजून भाजून इतकी निबर झाली होती की तापलेला तवा ती फडकं न घेता उतरवायची. लहानपणी मला तो पराक्रमच वाटायचा.

एकदा मी पिशवी घेऊन तिच्यामागे निघालो, तर तिनं मला भर रस्त्यात अडवलं. म्हणाली, "ही राख माह्या नावची हाय. तुह्या नावची शाळा हाय. चाल, फिर मांगं." मी फिरलो. फिरलो म्हणूनच वनस्पतीशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो. आमच्या घरातच काय, गल्लीतही त्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. हे मी आजही कोणी न विचारता सांगतो.

पुढे वाफेची इंजिनं कमी होत गेली, राख संपली, आणि आई जळणासाठी नाल्याकाठच्या बाभळी शोधत लांब लांब जाऊ लागली. त्याच सुमाराला, ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर, मला एका सरकारी खात्यात नोकरी लागली. काम गावोगावी सरपणाची झाडं लावण्याचं. जंगलाशी आमचा संबंध नव्हता. गावाची पडीक जमीन, रस्त्याची कड, शाळेची मागची बाजू इथे झाडं लावायची, म्हणजे बायांची वणवण थांबेल. आईला हे समजावून सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "मंग ही नोकरी माहीच हाय म्हन."

ज्यांनी हे काम पाहिलेलं नाही त्यांना वाटतं, झाड लावणं म्हणजे खड्डा, रोप, पाणी आणि फोटो. प्रत्यक्षात ते शेळ्यांशी वर्षभर चाललेलं युद्ध असतं. उन्हाळ्यात खड्डे खणायचे, पाऊस लागला की रोपं लावायची, आणि मग वरचे साहेब येऊन जिवंत रोपं मोजणार. त्या टक्केवारीवर आमची लायकी ठरायची. एका गावात मजुरांनी सगळी रोपं प्लॅस्टिकच्या पिशवीसकट पुरली. विचारलं तर म्हणाले, "पिशवी सरकारी हाय, फाडावी कशी?" दुसऱ्या गावातल्या एका गृहस्थानं वडिलांच्या नावानं लावलेल्या कडुनिंबाला तुराट्यांचं इतकं दाट कुंपण घातलं की त्या झाडाला ऊनच मिळालं नाही. शेळीपासून वाचलं आणि मायेनं मेलं. काही ठिकाणी साहेबांच्या व्हिजिटच्या आदल्या दिवशी मेलेल्या रोपांच्या जागी बाभळीच्या हिरव्या फांद्या खोचत. जीपमधून त्या झाडासारख्याच दिसत.

आणखी एक गोष्ट मी लवकर शिकलो. जमीन कितीही ओसाड असो, तिथे खड्डे खणायला गेलं की गावाला ती नेमकी तेव्हाच हवी असते. कोणाच्या शेळ्या तिथे चरतात, कोणाचं खळं तिथे असतं, कोणाचा देव तिथे बसतो. त्यामुळे गावाच्या हरकतीकडे कानाडोळा करायचा, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. त्यानंच मला खारवणात नेऊन बुडवलं.

खारवण हे तळ्याचं नाव. पूर्णेच्या काठचा खारपाणपट्टा आमच्या जिल्ह्यात शिरतो, तिथे तेव्हाच्या एदलाबाद तालुक्यात, म्हणजे आताच्या मुक्ताईनगर तालुक्यात, ते आहे. परातीसारखी उथळ जमीन. पावसाचं पाणी चहूकडून येतं, बाहेर जायला वाट नाही, आणि मातीतला खार पाण्यात उतरतो. खोली कुठेही गुडघ्याच्या वर नाही. उन्हाळ्यात ते पूर्ण आटतं आणि मागे पांढरा पापुद्रा राहतो. पायाखाली तो पापडासारखा कुरकुरतो, आणि दुपारी त्यावर इतकं ऊन नाचतं की पलीकडचा सातपुडा हवेत तरंगल्यासारखा दिसतो.

माझ्या आधीच्या माणसानं जमिनीची मोजणी केली होती ती भर मे महिन्यात. आमच्याकडे मोजण्या उन्हाळ्यातच होत, कारण तेव्हाच सवड असे. त्यामुळे कागदावर तळं नव्हतंच. होती ती 'खारवट पडीक जमीन'. मी रुजू झालो तेव्हाही मे महिनाच होता. मीही पाहिली ती पडीक जमीनच. वनस्पतीशास्त्र शिकलो होतो, म्हणून एवढं शहाणपण केलं की खारवट जमिनीत रोप खड्ड्यात न लावता मातीच्या उंचवट्यावर लावायचं ठरवलं. मजुरांनी माती ओढून ओढून उंचवटे रचले. पांढऱ्या पापुद्र्यावर काळ्या मातीच्या ढिगांच्या सरळ रांगा. मला तर ते दृश्य फार आवडलं होतं.

काठाला अक्कांचं शेत. अक्का म्हणजे गावातल्या मोठ्या शेतकरी घरातल्या कर्त्या बाई, पती जाऊन बरीच वर्षं झालेली, शेत आणि मुलगा भास्कर दोघांनाही ताब्यात ठेवणाऱ्या. पहिल्या भेटीत त्यांनी माझं आडनाव विचारलं, ते ऐकून क्षणभर थांबल्या, आणि मला चहा आला तो कान तुटलेल्या वेगळ्या कपात. मी तो प्यायलो. ऊन फार होतं आणि चहा चांगला होता.

उंचवटे पाहून अक्कांनी बांधावरून हाक दिली, "ओ साहेब, पोहणारी झाडं लावू रायले का?"

मजूर हसले. मी म्हणालो, "अक्का, तुमच्या शेळ्या दुसरीकडे चारा."

"शेळ्या इठी काहून येतीन? शेळ्यांले पोहता येत नही!"

मी माझ्या धड्याप्रमाणे कानाडोळा केला.

जूनच्या अखेरीस रोपं लावली. जुलैत चार दिवस झड लागली, आणि मी पुन्हा गेलो तेव्हा जमीन नव्हती. आभाळ खाली उतरून पसरलं होतं. पाण्यावर एक लहर नाही, ढग वर तसेच खाली, आणि मधून माझ्या उंचवट्यांचे काळे माथे रांगेनं वर आलेले. रोपं काही बुडाली होती, काही कलंडून तरंगत होती. माझा जीपचा ड्रायव्हर, आम्ही त्याला नाना म्हणायचो, धुळ्याकडचा अस्सल अहिराणी माणूस. त्यानं काठावर उभं राहून सगळीकडे नजर फिरवली आणि म्हणाला, "साहेब, हाई बठ्ठं पानीच शे. झाडं कोठे शेतस?"

माझी नोकरी तेव्हा कच्ची होती. पक्की व्हायची की नाही, ते पहिल्या लागवडीवर ठरणार होतं. ऑगस्टमध्ये धुळ्याच्या कचेरीतून मोठे साहेब येणार होते. मला झोप येईना. घरात पगार खाणारी तोंडं होती, आणि त्या पगाराची सवय आईच्या बोटांना नुकतीच लागत होती. शेवटी नानानं फांद्या खोचायचं सुचवलं, ते ऐकलं. जीपमध्ये बाभळीच्या फांद्यांचा भारा टाकला आणि साहेब येण्याच्या आदल्या दिवशी सकाळी आम्ही खारवणावर गेलो. उंचवट्यांवर फांद्या खोचल्या की काठावरून लागवड दिसली असती. साहेब काही चिखलात उतरणार नव्हते.

पँट दुमडून आम्ही पाण्यात शिरलो, तोच चहूबाजूंनी आरडाओरडा सुरू झाला. पांढरे अंग, काळे पंख, आणि गुलाबी काड्यांसारखे लांबच लांब पाय मागे लोंबकळत ठेवून पक्षी आमच्या डोक्यावर झेपावू लागले. शेकाट्या. एक तर माझ्यापुढे पाण्यात पडला आणि पंख मोडल्यासारखा फडफडत लांब जाऊ लागला. मी त्याच्यामागे चार पावलं गेलोसुद्धा. तो लांब जाऊन आरामात उडाला, तेव्हा कळलं की मला फसवून दूर नेलं होतं.

उंचवट्यावर पाहिलं. काड्या, शिंपल्या आणि वाळलेल्या चिखलाची खपली गोळा करून बसकं घरटं केलेलं, आणि त्यात मातीच्या रंगाची, काळे ठिपके असलेली अंडी. शेजारच्या उंचवट्यावरही तेच. पलीकडेही तेच. चहूकडून पाणी असल्यानं कुत्रं येत नव्हतं, कोल्हा येत नव्हता. इतकी सुरक्षित जागा त्यांना आयती मिळाली होती, आणि ती सरकारी खर्चानं, सरळ रांगेत.

फांदी खोचायला जागा होती ती एकच, अंड्यांच्या मधोमध.

बांधावरून अक्कांचा आवाज आला, "खोचा ना साहेब! थांबले काहून? पाखरांले सावली व्हईन!"

नाना माझ्याकडे पाहून म्हणाला, "चाला साहेब. आपलं काम त्यास्नी करी टाकं." आम्ही फांद्या तशाच परत आणल्या. अक्कांनी त्या मागून घेतल्या. "वल्ल्या हायेत, पण वाळतीन," म्हणाल्या.

मोठे साहेब दुसऱ्या दिवशी आले. कडक माणूस, मोजका बोलणारा. जीपमधून उतरून तळ्याकडे पाहत राहिले.

"झाडं?"

"पाण्याखाली, साहेब."

"मोजणी कधी केली होती?"

"मे महिन्यात."

"तुम्ही आलात कधी?"

"मीही मे महिन्यातच आलो, साहेब."

ते हसले नाहीत. आणि मला वाटलं होतं ते खोटं ठरलं. त्यांनी बूट काढले आणि पाण्यात उतरले. शेकाट्यांनी त्यांचा हुद्दा पाहिला नाही, त्यांच्याही डोक्यावर झेपा घेतल्या. सकाळी सर पडून गेली होती आणि पाणी थोडं चढलं होतं. एका उंचवट्यावर मादी अंड्यांवरून उठायची, चोचीनं एक काडी उचलायची, अंड्यांखाली सरकवायची, पुन्हा बसायची. पुन्हा उठायची, पुन्हा काडी. पाणी चढेल तसं ती घर वर उचलत होती. साहेब बराच वेळ तिथे उभे होते. मग म्हणाले, "हिला कोणी प्रशिक्षण दिलं?" बस, एवढंच. मी आशेनं त्यांच्याकडे पाहिलं, पण बूट घालता घालता त्यांनी निकाल सांगितला.

"होळीच्या सुमाराला पाणी उतरलं की ओल्या चिखलावर वेड्या बाभळीचं बी फेका. ती खारात येते, पाण्यात येते, दगडावरही येते. गावाला सरपण मिळेल."

वेडी बाभूळ मी शेजारच्या तालुक्यात पाहिली होती. एकदा रुजली की जमीन सोडत नाही. शेळ्या शेंगा खातात आणि बी पसरवत हिंडतात. चारेक वर्षांत खारवणाच्या जागी काट्यांचं रान झालं असतं. मी ते सांगितलं. साहेबांनी विचारलं, "आणि सरपण? बाया कुठे जातात सध्या?"

 बाया पहाटे उठून पूर्णेच्या पलीकडे जात होत्या, हे मला माहीत होतं. माझ्या आईच्या नावची नोकरी होती ती. ह्या प्रश्नाला उत्तर नसेल तर मला बोलायचा हक्क नव्हता.

साहेब जीपमध्ये बसता बसता म्हणाले, "दुसरी जमीन दाखवा. मालकाच्या संमतीसह. दिवाळीपर्यंत. नाहीतर बी फेका."

रविवारी भुसावळला गेलो आणि आईला सगळं सांगितलं. पक्ष्यांचं जरा जास्तच रंगवून सांगितलं असेन. ती म्हणाली, "पाखरं पाहून भाकर भाजत नही रे." मला ते लागलं. जेवण झाल्यावर तीच पुन्हा म्हणाली, "पन त्या बाभळीचा काटा लय खराब. बोटात मोडला की पिकतो. तो मोडनार तोडनारीच्या बोटात, साहेबाच्या नही. दुसरी जागा पाह्य."

दुसरी जागा नव्हतीच. गायरान आधीच भांडणात होतं. राहिले शेतांचे बांध. खारवणाच्या वरच्या बाजूला शेतांचे रुंद, उंच बांध होते. तिथे कडुनिंब, बोर, सुबाभूळ सहज आली असती. पण बांध म्हणजे काय, ते शेतकऱ्याला विचारा. सख्ख्या भावांचं बोलणं बंद होतं ते बांधावरून. ज्याला त्याला वाटे, आपण झाड लावलं की शेजारी बांध आपला म्हणेल. शिवाय झाडाची सावली दादर ज्वारीवर पडते, झाडावर पाखरं बसतात. मी घरोघर फिरलो. चहा मिळाला, बांध मिळाला नाही.

दिवाळीच्या तोंडावर मी अक्कांकडे गेलो आणि होतं ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुमी चुकीच्या मानसांले विचारू रायले. बाईनं नवऱ्याले मांगतलं तं तो देत नही. मायनं पोराले मांगतलं तं तो हो म्हनतो न् इसरतो. भाऊबीजेले या. कागद घेऊन या."

मग त्यांनी मला आणखी एक गोष्ट सांगितली. दिवाळीच्या सुमाराला खारवणावर करकोचे येतात, फार लांबून. काठच्या शेतातला हरभरा ते खातात. पण गावात रीत अशी की तळ्याकडची शेवटची तासं, म्हणजे पेरणीच्या ओळी, कोणी राखायची नाहीत. ती लेकींची. दिवाळीला येतात आणि होळीला जातात, म्हणून गाव त्या पक्ष्यांना लेकी म्हणतं. "लेक आली तं तिले दोन घास खाऊ द्याव. हाकलाव का?" अक्का म्हणाल्या.

भाऊबीजेला अक्कांच्या घरात त्यांची मुलगी सुमन आलेली होती, धुळ्याकडे दिलेली. भास्कर पाटावर बसला. सुमननं ओवाळलं. त्यानं नव्या साडीची घडी पुढे केली, तर तिनं ताट मागे घेतलं.

"साडी नको भाऊ. बांध दे."

"कोनता बांध?"

"खारवनावरचा. झाडं लावाले. मी इठून जळनाच्या मोळ्या वाहिल्या, आता वहिनी वाहू रायली. बांध दे."

भास्करनं माझ्याकडे असं पाहिलं की मी नजर कागदात घातली. "बांधाचं नाव काढू नको सुमन. त्याच्यापायी काकासंगं बोलनं बंद हाय."

"मंग झाडं लाव. सावलीत बसून बोलशाल."

"बाई, साडी घे न् गप्प बस!"

अक्का चुलीपाशी होत्या. वळूनही न पाहता म्हणाल्या, "भाऊबीजेच्या दिशी बहिनीचं ताट रिकामं फिरवतो का रे, भास्कर?"

भास्करनं सही केली. मग रागारागानं साडीही दिली, आणि सुमननं तीही ठेवून घेतली.

अक्कांनी आधीच गावातल्या सगळ्या माहेरवाशिणींच्या कानात हे घातलं होतं, ते मला त्या दिवशी कळलं. गल्लीत घरोघर तेच चाललं होतं. भास्करच्या काकांकडे त्यांच्या बहिणीनं तोच बांध पलीकडच्या बाजूनं मागितला, त्यामुळे बांधाला दोन्हीकडून सही मिळाली. एका घरानं मात्र साडीच दिली, आणि ती बहीण साडी नेसून खूश होती. तिलाही माझा नमस्कार.

मी निघालो, तर सुमन म्हणाली, "साहेब, बसा पाटावर. तुमाले बहीन नही ना?" मला खरंच नव्हती. मी अक्कांकडे पाहिलं. त्यांनी स्वतः पाट सरळ केला. भास्कर बसला होता तोच पाट. सुमननं मला ओवाळलं. खिशात देण्यासारखं काही नव्हतं, आणि माझ्या नावावर बांध तर नव्हताच.

"ताटात काय टाकता, साहेब?" भास्करनं मुद्दाम विचारलं.

मी म्हणालो, "खारवण जसं आहे तसं राहील."

 अक्कांनी करंज्यांची ताटली पुढे केली. मला चहा आला तो सगळ्यांच्या हातात होते तसल्याच, कान शाबूत असलेल्या कपात.

संध्याकाळी कागद घेऊन तळ्याच्या काठानं जीपकडे निघालो, तेव्हा वरून आवाज आला. खूप उंच, घोगरा आणि तरी गोड, एकमेकांना सारखी साद घालणारा. माळ उतरावी तशी करकोच्यांची रांग वळत वळत खाली आली. राखी अंग, काळी मान, डोळ्यांमागे पांढऱ्या पिसांचे तुरे. पाय खाली सोडून ते एकेक करत उथळ पाण्यात उभे राहिले, पंख झटकून नीट मिटले आणि मान वळवून सगळीकडे पाहू लागले. पाण्याला मावळतीचा तांबूस रंग होता. नाना गाडी सुरू करायची विसरून गेला होता. थोड्या वेळानं हळूच म्हणाला, "उन्यात लेकी." लेकी आल्या होत्या.

धुळ्याच्या कचेरीत साहेबांनी संमतिपत्रं चाळली. "सगळी एकाच तारखेची कशी?"

"त्या दिवशी भाऊबीज होती, साहेब."

पहिल्यांदा ते हसले. मग खारवणाच्या फाइलीवर 'लागवडीस अयोग्य' असा शेरा मारून सही केली. त्या साहेबांचे माझ्यावर उपकार आहेत. बी फेकायचा हुकूम काढायला त्यांना एक ओळ पुरली असती.

पुढच्या पावसाळ्यात बांधांवर रोपं लागली. शेळ्यांना मी घाबरत होतो, पण बहिणीला दिलेल्या झाडावर शेळी सोडायला कोणी धजलं नाही. माझ्या साऱ्या नोकरीत इतकं स्वस्त कुंपण मला पुन्हा मिळालं नाही. खारवणातले उंचवटे पावसानं हळूहळू झिजले. आता त्यांच्या रांगा ओळखू येत नाहीत, आणि शेकाट्यांनाही सरळ रांगेची गरज नाही. नंतर बदल्या झाल्या, बरीच गावं झाली. काही लागवडी जगल्या, पुष्कळ मेल्या. इतर ठिकाणीही उन्हाळ्यात मोजलेल्या जमिनी असतील आणि तिथे अक्का नसतील, हे आठवलं की आजही वाईट वाटतं.

नव्वदच्या दशकात एका हिवाळ्यात मी आईला खारवणावर घेऊन गेलो. आधी ती अक्कांच्या परसात गेली. तिथे बांधावरच्या सुबाभळीच्या छाटणीची मोळी रचलेली होती. तिनं एक काडी उचलली, कोळसा पारखायची तशी बोटांत फिरवली, मोडून पाहिली. कडकन आवाज आला. "चांगलं जळन," म्हणाली. अक्कांनी तिला हाताला धरून काठावर नेलं. दोघी बांधावर बसल्या. समोर पाण्यात करकोचे उभे होते, मधे चक्रवाक बदकं नारिंगी ठिपक्यांसारखी तरंगत होती आणि कडेनं शेकाट्या चिखलात चोच बुडवत चालल्या होत्या.  आई एवढंच म्हणाली, "चांगली नोकरी केली रे तू."

मी निवृत्त झालो त्या वर्षी पुन्हा जाऊन आलो. त्या गावातली कोणतीही बाई आता सरपणासाठी पूर्णा ओलांडत नाही. खारवणात पाणी आहे, आणि लेकी दर दिवाळीला येतात.